“विमानाला टच झाला, आणि मी गप्प बसलो”

विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करून सामान चढवतात-उतरवतात तिथे, काम करणारी मुलं आम्हा समुपदेशकांकडे येतात ती बहुतेक झोपेची तक्रार घेऊन. पाठ, गुडघे, रात्रपाळी, पगार हे विषय आधी निघतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत काही जणांच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो: “माझ्या हातून विमानाला काहीतरी लागलं होतं. मी बोललो नाही. आता सांगितलं तर नोकरी जाईल का?” त्यांच्यातल्याच एका तरुणाची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय 27. नालासोपाऱ्याहून मुंबई विमानतळावर येणारा, लोडर म्हणून, म्हणजे सामान चढवायला-उतरवायला लागलेला आणि चार वर्षांनी बेल्ट लोडर, म्हणजे सरकत्या पट्ट्याने सामान विमानात चढवणारी गाडी, चालवायला शिकलेला. घरात कमावता एकटाच. आठवडाभर झोप नव्हती, डोक्यावरून विमान गेलं की छाती धडधडायची. झोप यावी म्हणून ड्यूटी संपल्यावर थोडी दारू घ्यायला लागला होता. रॅम्पवर गाडी चालवणाऱ्यांची श्वासतपासणी कधीही होऊ शकते, त्यामुळे त्याचीही भीती. जुलै 2024 मध्ये कलिन्याला लोडरच्या जागांसाठी हजारो मुलं लोटली होती, ती आठवण त्यानेच काढली. “माझी जागा गेली तर मागे किती उभे आहेत ते मी बघितलंय, मॅडम.”

दुसऱ्या भेटीत त्याने टेबलावरची पाण्याची बाटली आडवी ठेवली. हे विमान, एअरबस ए-320. स्टेपलर उचलला. हा बेल्ट लोडर.

खरी पद्धत त्याला तोंडपाठ होती. विमान थांबलं, इंजिनं बंद झाली, वरचा-खालचा लाल दिवा विझला, चाकांना चोक (अडवणारे ठोकळे) लागले, भोवती इशाऱ्याचे शंकू ठेवले, की मगच जवळ जायचं. लांबूनच एकदा ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवायची आणि ब्रेक लागतो याची खात्री करायची. समोर हाताने इशारे देणारा गाइडमन हवा, आणि त्याचा हात दिसेनासा झाला की जागेवर थांबायचं. शेवटचा टप्पा माणसाच्या चालीपेक्षा हळू. पट्ट्याचं टोक कार्गो दरवाज्याच्या कडेला टेकवायचं नाही, मध्ये फट ठेवायची. कारण सामान उतरत जातं तसं विमान वर उचललं जातं आणि भरताना खाली बसतं. पट्टा चिकटलेला असेल तर दरवाज्याची कड त्यावर दाबली जाते.

त्या रात्री पाऊस होता. आधीचं विमान उशिरा आलेलं, त्यामुळे याला वेळ कमी. गाइडमन ट्रॉली ओढायला गेलेला. ओला ॲप्रन (विमानं उभी राहतात ती फरशी), ओले बूट, आणि त्याने लांबून ब्रेक तपासला नव्हता. स्टेपलर बाटलीला लागला तिथेच त्याने बोट धरून ठेवलं. उजवी बाजू, मागच्या कार्गो दरवाज्याची खालची कड. अंगठ्याच्या नखाएवढा रबराचा काळा डाग. सुपरवायझरने टॉर्च मारून बघितलं, बोटाने पुसलं, म्हणाला, “काही नाही रे, रबर लागलंय. चल, भर.” विमान गेलं. त्याला सहा दिवस झाले होते.

इथे समुपदेशकाला सरळ बोलावं लागतं. इथलं बोलणं इथेच राहतं, पण कुणाच्या जिवाला धोका असू शकतो तिथे ते तसंच ठेवता येत नाही, हे पहिल्या भेटीत सांगितलेलं होतं. ते पुन्हा सांगितलं. “तुम्ही वाईट आहात असं यातून ठरत नाही. पण हे आजच कळवायला हवं, आणि ते तुम्हीच कळवलेलं बरं.”

“पण डागच होता ना?”

डागाखाली काय आहे ते रॅम्पवरून दिसत नाही, अडचण तीच आहे. 26 डिसेंबर 2005 ला अमेरिकेतल्या सिॲटलहून निघालेल्या एमडी-83 विमानाला जमिनीवर सामान हाताळणाऱ्या गाडीचा धक्का लागला होता. कामगाराने तो कळवला नाही. सुमारे 26,000 फुटांवर त्याच जागी पत्रा फाटला, साधारण 12 इंच बाय 6 इंचाचं भोक पडलं आणि केबिनमधला हवेचा दाब गेला. वैमानिकांनी विमान सुखरूप परत आणलं. वर गेल्यावर आतला दाब पत्र्याला बाहेर ढकलतो आणि जिथे चुणी पडलेली असते तिथूनच तो उघडतो. ए-320 च्या ॲल्युमिनियमवर निदान पोचा दिसतो तरी. बोइंग 787 सारख्या कंपोझिट, म्हणजे धातूऐवजी तंतूंचे थर चिकटवून बनवलेल्या विमानात बाहेरचा रंग शाबूत असून आतले थर सुटलेले असू शकतात. म्हणून “काही दिसत नाही” हा निष्कर्ष फक्त इंजिनिअरने काढायचा असतो. सुपरवायझरचं बोट त्याला पुरत नाही.

मग त्याच्या भीतीकडे वळलो. दोन भीती एकमेकांत गुंतल्या होत्या: धक्का लागल्याची आणि लपवल्याची. वेगळ्या केल्या तशा त्या थोड्या हाताळण्याजोग्या झाल्या. आपणहून कळवलेली चूक आणि दडवलेली चूक यांच्याकडे सुरक्षा विभाग एकाच नजरेने बघत नाही. ॲप्रनवर कॅमेरेही असतात, आणि नंतर कुणी शोधून काढलं तर सांगायला काही उरत नाही. नोकरी राहीलच, अशी हमी मात्र दिली नाही. ती देणं खोटं ठरलं असतं.

त्याच्याकडून लिहून घेतलं. तारीख, वेळ, विमान उभं होतं त्या जागेचा (बे) नंबर, व्हीटीने सुरू होणारा विमानाचा नोंदणी क्रमांक, बेल्ट लोडरचा नंबर, नेमकी जागा, अंदाजे वेग, हजर कोण होतं, नंतर काय केलं. पहिल्या मसुद्यात “फार काही लागलं नसावं” आणि “सुपरवायझर म्हणाला म्हणून” अशी चार-पाच वाक्यं होती. पहिलं वाक्य काढलं. सुपरवायझर काय म्हणाला ते ठेवलं, पण घटना म्हणून, ढाल म्हणून नाही. फोन त्याने आमच्यासमोरच सुरक्षा विभागाला केला. हात थरथरत होता, दोनदा नंबर चुकला.

आत्ता, या क्षणी कुणाच्या हातून असं झालं तर क्रम साधा आहे. गाडी मागे घेऊ नका, आहे तिथेच राहू द्या, कारण ओढताना नुकसान वाढू शकतं आणि जागाही हरवते. सामान भरणं थांबवा, लोकांना लांब करा, कॅप्टन आणि इंजिनिअरला बोलवा. विमान निघालं असेल तर लगेच सुपरवायझर आणि ऑपरेशन्सला सांगा. तिथे कुणी ऐकत नसेल तर कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे जा. डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाकडे स्वेच्छेने कळवण्याचीही सोय आहे.

त्याच्या फोननंतर इंजिनिअरने त्याच दिवशी विमान तपासलं. कडेवर ओरखडा होता, मोजला, मर्यादेत निघाला. सुपरवायझरची चौकशी झाली. याचं बेल्ट लोडर चालवणं थांबवून पुन्हा प्रशिक्षण दिलं, तोवर ट्रॉलीवर काम. दारू त्याने सोडली. दिवसाच्या झोपेसाठी खिडकीला जाड काळं कापड लावलं आणि शिफ्टच्या उत्तरार्धातला चहा बंद केला.

झोप परतली आहे, पण एक गोष्ट शिल्लक आहे. शिफ्टमधली काही मुलं त्याच्याशी बोलत नाहीत, डबा वेगळा बसून खातात. सुपरवायझरला अडकवलं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या भेटी त्यावरच चालू आहेत.