१२० फॉर्म, एकच उत्तर

"तिसरं वर्ष चालू आहे, फेलोशिप थांबलीये, डेटा बाद झालाय, गाइडसमोर जायची हिंमत होत नाही. सोडून देऊ का?" एम.ए., एम.एस्सी. करून पीएच.डी.ला लागलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा शब्द थोडेफार बदलतात, प्रश्न हाच असतो. सोलापुरात त्याला बहुतेक वेळा एक जोडवाक्यही असतं, "घरात एवढं शिकलेली मी पहिलीच." त्यामुळे सोडणंही अवघड आणि राहणंही.

तिला पद्मा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. गोष्ट तिच्या परवानगीनं सांगतेय. घरी तेलुगू, आई विड्या वळणारी, भाऊ टॉवेलच्या कारखान्यात. विषय साहजिकच घराजवळचा निवडलेला, विडी कामगार बायकांची मजुरी आणि आरोग्य. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ती आली आणि बसता बसताच म्हणाली, "मॅडम, माझं सगळंच बोगस निघालंय ओ."

अशा वेळी संशोधनाकडे वळायच्या आधी मी झोप आणि जेवण विचारते. आणि मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारते. असं विचारल्यानं डोक्यात तसले विचार येतात ही भीती खोटी आहे. उलट माणूस मोकळं होतं. पद्मा म्हणाली, "मरावंसं नाही वाटत, पण फोन बंद करून कुठंतरी निघून जावं वाटतं." उत्तर वेगळं असतं तर डेटा-बिटा बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठले असते. रात्री-अपरात्री कुणाला तसं वाटलं, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो.

मग कामाचं बोललो. तिच्या मनात पैसा, डेटा, गाइड आणि घर यांचा एकच गुंता झाला होता आणि त्या सगळ्याला ती "माझी लायकीच नाही" असं म्हणत होती. मी फक्त विचारत गेले. फेलोशिप का थांबली? सहामाही प्रगती अहवाल गेला नाही म्हणून. तो का गेला नाही? गाइडची सही नाही. सही का नाही? ती गाइडकडे गेलीच नव्हती. का? डेटा बाद झाला हे सांगायची लाज. म्हणजे हप्ता कुणी मुद्दाम अडवला नव्हता की नशीबही आड आलं नव्हतं. एक सही राहिली होती.

इथं एक गोष्ट पुष्कळ मुलांना माहीत नसते. प्रगती अहवालात प्रगतीच असली पाहिजे असं नाही. "अमुक साधनानं माहिती गोळा केली, ती या कारणानं वापरता येत नाही, पुढच्या सहा महिन्यांत असं करणार" हाही रीतसर अहवालच. आरएसी, म्हणजे संशोधन सल्लागार समिती, दर सत्राला समोर बोलावते ती अडचण वेळेत कळावी म्हणूनच. पद्मानं भेटीच्या आधी गाइडना अर्ध्या पानाचा मेल केला. त्यात रडगाणं नाही, माफीनामा नाही; काय झालं, का झालं आणि काय करायचा विचार आहे, एवढंच. गाइड मॅडम आधी रागावल्या. मग सही दिली.

हप्ता येईपर्यंतचं काय? तिला सीएचबीवर, म्हणजे कॉलेजात तासाच्या हिशेबानं मानधन घेऊन शिकवायची ऑफर होती आणि ती घेणारच होती. मी थांबवलं. पूर्णवेळ फेलोशिप घेताना दुसरीकडे पगारी काम करणार नाही असं सहसा लिहून द्यावं लागतं, आणि ते मोडलं तर घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. आपल्या फेलोशिपच्या अटींत काय बसतं ते आधी लेखी विचारावं. मित्र घेतात म्हणून आपणही घ्यावं, हा हिशेब महागात पडतो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची असो किंवा यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, फेलोशिप कुठलीही असो, ती महिन्याच्या एक तारखेला पगारासारखी येईल असं धरून घर चालवू नये. मागचे महिने एकदम येतात आणि खात्यात मोठा आकडा दिसला की घरातल्या सगळ्या अडलेल्या गरजांना जाग येते. पद्माच्या घरी तेच झालं होतं. आधीचा थकीत हप्ता जमा झाल्यावर भावाच्या गाडीचं डाउन पेमेंट गेलं आणि चार महिन्यांनी तिनं फील्डवर्कसाठी आईच्या बचत गटातून कर्ज काढलं. आता रक्कम वेगळ्या खात्यात पडते, तिथून महिन्याला ठरलेली रक्कम घरी जाते. आईला हे पटायला वेळ लागला. भावाला अजून पटलेलं नाही.

आता डेटा. माझ्या मते खरी गंमत इथं होती. पद्मानं १२० फॉर्म भरून घेतले होते, तेही कारखान्यावर. बायका वळलेल्या विड्या द्यायला येतात तेव्हा रांगेत आयत्या सापडतात, हे सोयीचं. "विड्या खराब म्हणून परत येतात का?" या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच, "नाही." मजुरीबद्दल "समाधानी". पाच पर्यायांच्या प्रश्नांनाही एका सुरात होकार. आकडेशास्त्राच्या सरांनी कागद बघून सांगितलं, यात फरकच नाही, विश्लेषण कशाचं करणार?

संख्याशास्त्र हा माझा प्रांत नाही. पण माणसं कुठं काय बोलतात, हा आहे. मी तिला विचारलं, "तुझी आई घरी काय सांगते?" ती हसली. आई रोज बाजूला काढलेल्या विड्यांवरूनच करवादत असते, म्हणाली. मग तीच आई रांगेत, माल तपासणाऱ्याच्या समोर, मराठीतून विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर देईल?

तिथून तिचं तिलाच सुचत गेलं. बायकांना घरी गाठायचं. प्रश्न तेलुगूत आणायचे आणि दुसऱ्या कुणाकडून ते परत मराठीत करून अर्थ हलला नाही ना ते बघायचं. "तुम्ही कितपत समाधानी आहात" काढून "गेल्या आठवड्यात किती विड्या परत आल्या" असं विचारायचं. मोजता येणारं, आठवणारं, होकाराला जागा न ठेवणारं. आणि बोलताना हात थांबवायला सांगायचं नाही. हजारी मजुरीवर, म्हणजे हजार विड्यांमागे ठरलेल्या दरानं, काम करणाऱ्या बाईचा तास म्हणजे तिची मजुरी. तेंदूपान कापता कापता, तंबाखू भरता भरता ती जे सांगते ते समोरासमोर बसून फॉर्म भरताना सांगत नाही. सगळ्यात आधी दहा-बारा जणींवर प्रश्नावली चालवून बघायची. हे पायलट पहिल्या वेळी झालंच नव्हतं. प्रबंधात एक ओळ लिहिण्यापुरतं ते बरेच जण "करतात", त्यातला प्रकार.

जुने १२० फॉर्म फेकायचे नाहीत, हे मात्र तिच्या गाइडनी सुचवलं. त्याच बायकांपैकी काहींना घरी विचारून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली, तर जागा बदलली की उत्तर किती बदलतं हे दिसतं, आणि ते संशोधनपद्धतीच्या प्रकरणात मांडता येतं. आरएसीनं याला मान्यता दिली. मधल्या काळात पैसे घेऊन आठवड्यात लेख छापून देणाऱ्या एका जर्नलचा मेसेज तिला आला होता. त्याच्या नादाला लागली नाही, बरं झालं.

घाबरण्यामागं कॅलेंडरही होतं. चौथ्या वर्षी नोंदणी रद्द होते असं तिला कुणीतरी सांगितलेलं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोनपर्यंत सवलत आहे. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी. हे तिनं स्वतः वाचावं म्हणून नियमावलीची प्रत मी तिच्या हातात दिली. ऐकीव माहितीवर जगणारी एवढी संशोधक मुलं बघून मला कधी कधी चीडच येते.

सोडणं चूकच, असं मी कुणाला सांगत नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागलेला एक मुलगा माझ्याशी बोलून पीएच.डी.तून बाहेर पडला आणि बरोबर केलं त्यानं. त्याचे पैसे अडले नव्हते, डेटाही ठीक होता, त्याला ते काम करायचंच नव्हतं. गुंता नसताना, झोप नीट असताना घेतलेला तो निर्णय होता. गाइडना भेटून, रीतसर अर्ज देऊन आणि फेलोशिपचा हिशेब मिटवून तो गेला.

पद्माचं अजून चालू आहे. आता आम्ही सहाव्या वर्षाचा हिशेब मांडतोय. फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते, प्रबंध रेंगाळला तर पुढचे महिने बिनपैशांचे. म्हणून हातातल्या रकमेतून दरमहा थोडं बाजूला पडतंय आणि सीएचबीचा अर्ज तेव्हासाठी राखून ठेवलाय.