'विमानतळ'मधला तळ बुडाचा नव्हे

वडगावच्या एका वाचकाने विचारलं आहे : बेळगावजवळच्या सांबऱ्याला हवाई दल आणि प्रवासी विमानं एकच धावपट्टी वापरतात, मग त्याला हवाई तळ म्हणायचं की विमानतळ? त्यांच्या मित्राच्या मते दोन्ही चूक. तळ म्हणजे बूड, म्हणून 'विमानस्थानक' म्हणावं.

हे 'विमानस्थानक' हल्ली बेळगावात वरचेवर कानावर येतं आणि दर वेळी खटकतं. पाटीवरच्या कन्नड 'विमान निल्दाण'चं ते शब्दशः भाषांतर आहे. 'निल्' म्हणजे उभं राहणं. बस, रेल्वे, विमान, कन्नडमध्ये तिन्हींना निल्दाणच, आणि तिथे ते शोभतं. मराठीने विमानासाठी वेगळा शब्द घेतला, तो उगाच नाही.

भांड्याचा तळ, तळमजला सोडून देऊ. संस्कृत 'तल' म्हणजे पृष्ठभागही : भूतल, करतल. तळहात हे काय हाताचं बूड आहे? तो हाताचा सपाट भाग. सैन्य मुक्कामाला अशीच सपाट, मोकळी जागा बघायचं, तिथे तळ पडायचा. छावणी निराळी. 'छादन' म्हणजे आच्छादणं, शाकारणं, त्यावरून छावणी. ती छपराखालची, पावसाळा काढायची. तळ उघड्यावरचा, आज पडला, उद्या उठला. वाहनतळ घ्या, हडपसरचा गाडीतळ घ्या, वारीतला पालखीतळ घ्या. माउलींची पालखी लोणंदला कुठल्या स्थानकात उतरते, हे मित्रांना जरूर विचारा!

'तळाचा मूळ अर्थ बूड, मुक्काम हा लाक्षणिक' असं सांगणाऱ्या पंडितांशी माझं म्हणूनच पटत नाही. मुक्कामाचा अर्थ थेट सपाट जमिनीतून आला आहे. माझा तर्क त्याही पुढे जातो. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ची, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने बांधलेली. त्या काळात अशा कितीतरी धावपट्ट्या सैन्यासाठीच झाल्या. विमान उतरायची जागा लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती सैन्याची, म्हणून सैन्याचाच शब्द तिला चिकटला असावा. प्रवासी त्या शब्दात मागाहून आले.

बातम्यांतला 'हवाईअड्डा' मात्र नको. मराठीत अड्डा जुगाराचा.

तुमचा प्रश्न राहिलाच. हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे तो हवाई तळ, तिकीट काढून तुम्ही जाता तो विमानतळ. दोन्ही बिनदिक्कत म्हणा.