आखूड नळीच्या रायफलला तोंडावर काही बसवायलाच हवं का?

न्यूझीलंडच्या दाट बुशमध्ये (जंगलात) रेड डिअरच्या शिकारीसाठी .३०८ कॅलिबरच्या रायफलची नळी १६ इंचांवर आणली असेल, तर नेम लागायला तोंडावर काहीच लागत नाही. कापलेलं टोक गनस्मिथकडून (बंदूक कारागिराकडून) नीट क्राउन करून, म्हणजे कड एकसारखी गुळगुळीत करून घ्या, तिथला बारीकसा ओरखडाही गोळी भरकटवतो. मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूला फेकणारा नळीच्या तोंडावरचा भाग, मात्र कृपा करून नको! त्याने खांद्याला बसणारा धक्का कमी होतो, पण आवाजाचा तडाखा थेट तुमच्या आणि सोबत्याच्या कानांवर येतो. गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही. न्यूझीलंडमध्ये सायलेन्सर कायदेशीर आहे, तोच लावा. आवाज साधारण २०-३० डेसिबलने उतरतो. नळीवर मागे सरकून बसणारा घेतलात तर वेलींत कमी अडकेल. आणि नळी आणखी कापू नका, रायफलची एकूण लांबी ७६२ मिलिमीटरखाली गेली की तिथल्या कायद्याने ते पिस्तूल ठरतं.