उचल घेतली म्हणून माणूस गहाण पडतो का?

प्रश्न : आमच्या रानाकडेला ऊसतोडीची टोळी उतरली आहे. एका जोडप्याचं मूल आजारी आहे, त्यांना गावी जायचंय. मुकादम म्हणतो, उचल फेडा आणि खुशाल जा. आधार कार्डंही त्यानेच ठेवून घेतलीत. उचलीचे आगाऊ पैसे तर त्यांनी राजीखुशीने घेतले होते. मग कायद्याचा काय उपयोग? (वाचक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर)

उत्तर : आधी मुलाला दवाखान्यात न्या, कोणी आडवं आलं तर ११२ लावा.

उचल घेणं हा गुन्हा नाही. त्या पैशापोटी माणूस अडवून ठेवला की मात्र ती वेठबिगारी. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. ‘हे वेठबिगारीचं कर्ज नव्हे’ हे सिद्ध करायचं ते पैसे देणाऱ्याने, मजुराने नव्हे.

तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. उचल किती, कधी घेतली, किती दिवस तोड केली, काय बोलून अडवलं, कागदपत्रं कोणाकडे, हे सगळं लिहा. नुसतं ‘मजुरी थकली’ लिहिलं तर प्रकरण मजुरीचा वाद म्हणून निकालात निघतं. दुसरा घोळ म्हणजे कुटुंबाला रातोरात टेम्पोत बसवून गावी धाडणं. लोकांना ती सुटकाच वाटते, पण जबाब न नोंदवता गेलात तर मुक्ती प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला) अडकतं आणि पुनर्वसनाचे पैसेही. तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत असते; पूर्ण रक्कम पुरुषाला १ लाख, स्त्री व मुलांना २ लाख, अतिगंभीर प्रकरणात ३ लाख.

प्रत्येक उचलीला मानवी तस्करी म्हणता येत नाही. शोषणासाठी फसवून, धाकाने वा आमिषाने आणलं असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ लागतं. तिथे ‘राजीखुशीने आला’ हा बचाव चालत नाही. किमान शिक्षा ७ वर्षं, पीडित मूल असेल तर १०.

प्रश्न : देहविक्रीच्या संशयावरून लॉजवर पडलेल्या छाप्यात सापडलेल्या मुलीवरच केस होते का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : होऊ नये. छाप्यात अशा स्त्रियांना अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं आहे. तिला दंडाधिकाऱ्यांपुढे नेतात आणि चौकशीपुरतं संरक्षणगृहात ठेवू शकतात. सज्ञान असेल तर मनाविरुद्ध डांबता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आरोपी सापडला नसला तरी चालतो. सोबत एफआयआरची प्रत जोडा. ती पीडितेला फुकट मिळते.