दुष्काळावरच्या कादंबरीत हतबलता नेमकी कुठे शोधायची?

ठाण्यातल्या वाचनगटात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या धनगरवस्तीवरच्या कादंबरीवर दहा मिनिटं बोलायचं असेल, तर पात्रांच्या दुःखापेक्षा क्रियापदांपासून सुरुवात करा. मराठीत हतबलता व्याकरणातच दिसते. ‘त्याने गाव सोडलं’ हा निर्णय आहे. ‘त्याला गाव सोडावं लागलं’ म्हणताच सत्ता दुसऱ्याच्या हाती जाते, आणि ‘त्याच्याने उठवेना’ म्हटलं की देहही आपला उरत नाही.

शेवटची वीसेक पानं पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचा. वहीत दोन रकाने करा: पात्राने काय केलं, आणि त्याच्या बाबतीत काय घडलं. पहिला रकाना जिथे आटतो तिथे थांबा. तिथे पाणी, चारा, धान्य कोणाच्या ताब्यात आहे ते लिहा. उत्तर ‘पावसाच्या’ असं असेल तर बोट दाखवायला माणूसच सापडत नाही, आणि ही हतबलता सावकारापुढच्या हतबलतेहून वेगळी असते. बहुतेक चर्चा इथेच घसरतात. सगळ्याला सरसकट ‘शोषण’ म्हणून मोकळं होतात, नाहीतर तगून राहिला म्हणजे जिंकला असं धरतात. मेंढरं घेऊन निघून जाणं हा पराभव की शहाणपण, हे मजकुरातल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवूनच ठरवा.

एक मर्यादा मात्र आहे. १९५५ सालच्या या कादंबरीचा निवेदक बाहेरून आलेला तरुण मास्तर आहे. त्यामुळे पानावर दिसणारी असहायता बरीचशी त्याच्या नजरेतली आहे. धनगरांचे स्वतःचे संवाद वेगळे काढून तपासा.