मुखवट्यांपेक्षा घराकडे बघ

घरात घुसखोरीचे थ्रिलर बघायला घेतलेस ना, मग पहिल्यांदा खुशाल दचकून घे. दुसऱ्यांदा बघताना मात्र मुखवटेवाल्यांना सोड आणि घराकडे बघ: पैसा कुठून आला, शेजारी कोण, दार कुणासाठी उघडतं.

२०१३चा 'द पर्ज' घे. वर्षातून एक रात्र खुनासकट सगळे गुन्हे माफ, अशा अमेरिकेतली गोष्ट. थ्रिलर म्हणून बेताचाच, पण मांडणी पक्की. नायक सुरक्षायंत्रणा विकतो. गिऱ्हाईक त्याच्याच कॉलनीतले. सुरुवातीला शेजारीण बिस्किटं घेऊन येते आणि हसत हसत टोमणा मारते, तुमचं वाढीव बांधकाम आमच्याच पैशांतून झालंय म्हणतात! तिथे जरा थांब, अख्खा सिनेमा त्या वाक्यात आहे. पुढे मुलगा एका जखमी, बेघर कृष्णवर्णीय माणसाला आत घेतो. त्याला मागायला येते ती टोळी चांगल्या घरातल्या, टापटीप पोरांची. आणि शेवटी जिवावर उठतात शेजारीच.

ऑस्ट्रियन दिग्दर्शक मिखाएल हानेकेचा १९९७चा 'फनी गेम्स' मात्र एवढ्यात नको, झेपणार नाही. त्यात पांढरे हातमोजे घातलेला पोरगा अंडी मागायला येतो, तेही अदबीने. गोड बोलणाऱ्याला 'चालता हो' म्हणायला सभ्य माणसाची जीभ रेटत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.