खिडकीवर अकरा, शाळेत बारा

‘मुलगा खोटं बोलतो, पैसे उचलतो. आमचे संस्कार कुठे कमी पडले?’ ऐरोलीचे एक आईवडील हा प्रश्न घेऊन समुपदेशनाला आले. मुलगा नुकताच बारा पूर्ण केलेला, सातवीतला. आजीच्या डब्यातून तीन-चार वेळा मिळून 240 रुपये गेले ते क्लासखालच्या फ्रँकीच्या गाडीवर. विचारलं की ‘मी नाही’. मार देऊन झाला, देवापुढे शपथ घालून झाली. आता संस्कारवर्ग लावायचं चाललं होतं.

वर्ग जरूर लावा, श्लोक पाठ होतील. पण हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकी अभ्यासकांनी हजारो शाळकरी मुलांच्या चाचण्या घेऊन 1928 साली मांडलं ते ध्यानात ठेवा : एके ठिकाणी सचोटीनं वागणारं मूल दुसरीकडे सहज फसवतं. नियम तोंडपाठ असला म्हणून हात थांबतोच असं नाही.

आधी विचारायची पद्धत बदलली. ठाऊक असताना ‘तू घेतलेस का?’ असं विचारलं की मार चुकवायला ‘नाही’च येणार. म्हणून थेट : ‘240 तू घेतलेस, मला कळलंय. परत कसे करायचे ते ठरवू.’

खाऊचे आठवड्याला 60 मिळत. त्यातले 40 दर रविवारी त्यानंच आजीच्या हातात द्यायचे, वहीत तारीख घालून आजीची सही घ्यायची, सहा आठवडे. सगळे 60 कापले तर चारच आठवड्यांत फिटतं, पण खिसा रिकामा राहिला की हात परत डब्याकडे वळतो. तिसऱ्या रविवारी युनिट टेस्टचे मार्क बघून वडील खुशीत म्हणाले, ‘उरलेले मी भरतो.’ बहुतेक घरं इथेच घसरतात. चार दिवसांत डब्यातून आणखी 20 गेले. वही पुन्हा काढली, हिशेब 140 चा झाला.

एकट्याशी बोलताना मुलगा सहज म्हणाला, ‘दादरला मामाकडे जाताना बाबा सांगतात, खिडकीवर विचारलं तर अकरा सांग.’ रेल्वेत अर्धं तिकीट बारा पूर्ण होईपर्यंतच. वडिलांना हे सांगितलं तेव्हा आधी हसले, ‘अहो, पाच-दहा रुपयांची गोष्ट!’ मग आजीच्या डब्यातल्या पैशांसाठी आपण मुलाला मार दिला होता, ते त्यांचं त्यांनाच आठवलं असावं. गप्प झाले.

आता पूर्ण तिकीट काढतात, कुरकुरत का होईना. डब्यातले पैसे जागेवर आहेत. शाळेची डायरी मात्र मुलगा अजून अधूनमधून लपवतो. त्यासाठी पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे.